उजव्या हाताला जमीन

म्याकल मॅडम आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या त्याच आठवड्यात सोसायटीतल्या बायकांचं एक शिष्टमंडळ त्यांच्या दारात भांडायला गेलं. कारण एवढंच, की नळाला पाणी आलं नव्हतं. सोलापुरात नळाला पाणी न येणं ही काही बातमी नव्हे, आलं तर बातमी. पण मॅडमच्या थोरल्या भावानं, अंजय्या अण्णांनी, टेम्पोतून सामान उतरवताना वॉचमनला सांगून ठेवलं होतं, "बहीण हाय माजी. सरकारी नोकरीला हुती. पाण्याच्या खात्यात." आमच्या वॉचमनला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

मॅडमनी बायकांना आत घेतलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याची वाटी पुढ्यात ठेवली. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मी पाण्याच्या खात्यात होते हे खरं की. पण ते पाणी तुमच्या नळाला यायचं नाही. समुद्राचं पाणी ते." बायका चटणीची तारीफ करत खाली उतरल्या. जिन्यात एकजण दुसरीला म्हणत होती, "समुद्राचं का असंना, खातं तेच की. वर वट असंल हिची."

मी निवृत्त मराठीचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध फ्यूज उडाला की वायरमनला फोन करण्यापुरता. त्यामुळे या बाईंशी आपलं जमेल असं मला वाटलं नव्हतं. त्यात त्यांचा आवाज खणखणीत. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरात, मागांच्या खडखडाटात वाढलेली माणसं मोठ्यानंच बोलतात, कारण लहानपणी हळू बोललेलं कुणाला ऐकूच गेलेलं नसतं. मॅडम वरच्या गॅलरीतून फोनवर बोलायला लागल्या की आमच्या हिला फोडणीचा चर्र ऐकू यायचा नाही. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडी अशी का, असं हिनं विचारलं तर म्हणाल्या, "जेट्टीवर शेवाळं असतंय हो. सवय लागली." दुसऱ्याच दिवशी हिनं पुढचा प्रश्नही विचारला. लग्न का केलं नाही? मॅडम म्हणाल्या, "लग्नाच्या वयात कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा मी जेट्टीवर होते."

गेल्या वर्षी त्या गेल्या. झोपेतच. वरचं दार बंद आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात फोडणीचा चर्र आता स्वच्छ ऐकू येतो. मला तो ऐकवत नाही.

त्यांचं सगळं आयुष्य समुद्रकाठी गेलं. राजमणी म्याकल हे त्यांचं नाव. कॉलेजपर्यंत सोलापूर, मग पुढचं शिक्षण, मग समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरी. कोकणातल्या छोट्या बंदरांत जेट्टीच्या टोकाला एक खोपटं असायचं, त्यात पाण्याची पातळी टिपणारं यंत्र, आणि यंत्राशेजारी मॅडम. त्या एका लाटेच्या मागे होत्या. आता लाट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेस येतो, फुटणं येतं, लाटेत उभं राहून काढलेले फोटो येतात. एकदा सोसायटीची सहल गणपतीपुळ्याला गेली होती. आम्ही सगळे पँटी वर करून पाण्यात. मॅडम मात्र समुद्राकडे पाठ करून बंधाऱ्याच्या दगडावरची ओली रेघ बघत उभ्या. मी हाक मारली, "अहो, लाटा इकडे आहेत!" तर म्हणाल्या, "ती चिल्लीपिल्ली आहेत, सर. खेळू द्या त्यांना. आमची थोरली वेगळी."

ही थोरली कोण, ते त्यांनी मला आमच्या सोसायटीतल्या मारुतीपुढे समजावलं. शनिवार होता. मी प्रदक्षिणा घालत होतो, त्या बाकावर बसल्या होत्या. मी दोन फेऱ्या घातल्यावर त्यांनी विचारलं, "सर, देव कुठल्या हाताला?"

"उजव्या. हे काय विचारणं झालं?"

"झालं तर. माझी लाट पण तशीच जाते. जमीन तिचा देव."

मग मला प्रदक्षिणा अर्धी टाकून बाकावर बसावं लागलं. तिकडे आंध्राच्या किनाऱ्यावर वारा काठाला धरून वाहायला लागतो, त्यानं पाणी किनाऱ्याशी चढतं. चढलेलं पाणी आत समुद्रात पसरू बघतं. पण पृथ्वी फिरते आहे, आणि ते फिरणं आपल्या अर्ध्या गोलावर चालत्या पाण्याला सारखं उजवीकडे लोटतं, म्हणजे परत जमिनीकडेच. "मग ते बिचारं काय करणार? काठ धरून चालायला लागतंय." मच्छलीपट्टण, चेन्नई, श्रीलंकेला वळसा, केरळ, गोवा आणि मग रत्नागिरी, जमीन सतत उजव्या हाताला. उंची वीतभर किंवा त्याहूनही कमी आणि लांबी शेकडो कोस, म्हणून डोळ्याला काही दिसायचं नाही. चाल म्हणाल तर रमतगमत सायकल मारणाऱ्या माणसाची. दोनतीन आठवड्यांनी रत्नागिरीला पाणी चढतं तेव्हा तिथं पान हलत नसतं. खालचं गार पाणी तिच्याबरोबर वरखाली होतं, मासळी जागा बदलते, आणि कोळी म्हणतात, वारा नाही काही नाही, आज झालं काय समुद्राला?

"म्हणजे मच्छलीपट्टणचं पाणी रत्नागिरीला येतं," मी हुशारी दाखवली.

"चूक!" देवळातला घंटेजवळचा माणूस दचकला. "पाणी तिथंच राहतंय. निरोप येतो."

चूक म्हणताना त्या कुणाची भीड ठेवत नसत. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याचीही वाट बघत नसत. माझ्या मराठीच्या चुका काढण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती आणि, सांगायला लाज वाटते, त्यातल्या काही बरोबर निघाल्या.

पण या लाटेनं त्यांना एक वेगळीच सवय लावली होती. कुणी चिडलं, अकारण भांडलं, की त्या उलट बोलायच्या नाहीत. "हे वारं इथलं नव्हे," एवढंच म्हणायच्या आणि कुठलं आहे ते शोधायला लागायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा टँकरच्या पाण्यावरून त्यांना नाही नाही ते ऐकवलं. मी वर जाऊन म्हटलं, "तुम्ही गप्प कशा बसलात?" मॅडम म्हणाल्या, "तिचा मुलगा पुण्याला असतो ना? बघा, तिकडं काहीतरी झालंय." चौकशी केली तर खरंच मुलाची नोकरी गेली होती. संध्याकाळी मॅडम त्या बाईंकडे चटणीचा डबा घेऊन गेल्या आणि टँकरचं नावही काढलं नाही. माझं स्वतःचं डोकं आठवड्यातून दोनदा तरी फिरतं. मग वरून गॅलरीतून हाक यायची, "सर, आज कुठल्या किनाऱ्याचं?" राग राहायचाच नाही, काय करता!

सगळ्यांचं वारं शोधणाऱ्या या बाईला एकाच माणसापुढे काही सुचायचं नाही, आणि ते म्हणजे अण्णा.

अंजय्या अण्णा दर रविवारी यायचे. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात पिशवी, पिशवीत सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तीळ घातलेल्या कुरकुरीत कड्या. घंटा वाजवायचे, आत यायचे, "जेवलीस का?" विचारायचे, चहा प्यायचे आणि जायचे. वडिलांची छाती सुताच्या धुळीनं गेली तेव्हा अण्णांनी शाळा सोडून माग हातात घेतला, म्हणून मणी शिकली. ते या गोष्टीचा कधी उच्चार करत नसत. शेडमध्ये टॉवेल आणि चादरी विणून त्यांनी घर उभं केलं होतं, आणि जगातली कुठलीही वस्तू अंगठा आणि बोटात धरून चोळल्याशिवाय ती खरी आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे. आमच्या हिच्या नव्या पडद्यांनाही त्यांनी असंच चोळून नापास केलं होतं.

मॅडमनी मला सांगितलं, नोकरीत नाव झालं तेव्हा त्या पहिल्यांदा आपल्या लाटेचा आलेख घेऊन घरी आल्या होत्या. शेडमध्ये माग चालू होते. त्यांनी कागद अण्णांच्या हातात दिला आणि ओरडून सांगितलं, "अण्णा, हे बघ माझं काम!" अण्णांनी कागद अंगठ्यात आणि बोटात धरून चोळला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "रेघच हाय की."

"कुचेष्टा नव्हती हो त्यात," मॅडम म्हणाल्या. "तेच लागलं. त्यानंतर मी सणावाराला यायची तेव्हा दरवेळी समजावायला बघायची. तो मान हलवायचा आणि तारेवरची चादर सारखी करायला लागायचा. सर, तुमच्या मारुतीपुढं प्रदक्षिणेचं सांगितलं ना, तेही त्याला सांगून झालंय. लोकांनी विचारलं की सांगतो, पाण्याच्या खात्यात हाय. दुसरं काय सांगंल? त्याला ठाऊकच नाही मी काय केलं ते. ज्यानं माझ्यासाठी शाळा सोडली त्यालाच ठाऊक नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसल्या.

आणि त्याच वर्षी दिवाळीत अण्णांना काचबिंदू असल्याचं कळलं. उशिरा कळलं. कडेचं दिसणं सगळं गेलेलं, नळीतून बघावं तेवढं मधलं उरलेलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, आणि उरलंय तेही किती टिकेल ते सांगता येत नाही. अण्णा म्हणाले, "बरं." घरी येऊन मॅडम रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभ्या, "सर, गड्ड्याच्या जत्रेत चक्री येते ना? मुलांची, घोड्यांची?"

मला वाटलं, बाईंचा ताळ सुटला.

ताळ सुटला नव्हता. पृथ्वी फिरते म्हणून लाट काठ धरून जाते, तर ती दाखवायला फिरणारं काहीतरी हवं, त्यावर पाण्याचा टब हवा, आणि बघणाऱ्यानंही पाण्याबरोबर फिरायला हवं. मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी फिरतं टेबल असतं. सोलापुरात जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते आणि जत्रेत रसूलभाईंची चक्री असते. संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण सकाळी भजीवाले कढया घासत असतात आणि घोडे रिकामे असतात.

रसूलभाईंना अण्णा लहानपणापासून ओळखत होते, त्यामुळे परवानगी मिळाली. अण्णांना मात्र मॅडमनी एवढंच सांगितलं, "चल, एक गंमत दाखवते." सरंजाम वाहायला मी होतोच. चक्रीच्या फळ्यांवर, घोड्यांच्या आतल्या बाजूला, मॅडमनी चार चादरींच्या घड्या घातल्या, म्हणजे मोटरची थरथर पाण्याला लागू नये. त्यावर मोठा गोल टब. टबाच्या मधोमध दगड भरलेला स्टीलचा डबा, ती जमीन. टबात खाली मिठाचं पाणी, रंगारी गल्लीतून आणलेल्या लाल रंगानं रंगवलेलं. वर साधं पाणी. ते ओतताना लालात मिसळू नये म्हणून पाण्यावर एक टॉवेल तरंगत ठेवला आणि त्यावर मी तांब्यातांब्यानं पाणी सोडत गेलो. इतक्या हळू मी कधी अभिषेकही केलेला नाही. खाली लाल, वर नितळ, असे दोन थर झाले. वाऱ्यासाठी मॅडमनी जत्रेतलाच बॅटरीवरचा खेळण्यातला पंखा घेतला होता.

चक्री सुरू झाली. मॅडम एकट्याच वर होत्या. पाणी चक्रीच्या चालीला लागेपर्यंत पाव तास थांबल्या, मग डब्याच्या एका अंगाला त्यांनी पंखा धरला आणि वाकून बघायला लागल्या. बघता बघता त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"थांबवा! उलटी गेली!"

मीठ तोललं होतं, थर जमवले होते, चादरी घातल्या होत्या. चक्री कुठल्या बाजूनं फिरते हे मात्र बाईंनी बघितलंच नव्हतं. लहानपणापासून त्या याच चक्रीत बसत आलेल्या. रसूलभाईंची चक्री देवळाच्या फेऱ्यासारखी, डावीकडून उजवीकडे फिरते, आणि आम्हा सोलापूरकरांना तीच जगरहाटी वाटते. पृथ्वीचा आपल्याकडचा अर्धा भाग वरून बघितला तर नेमका तिच्या उलट फिरतो.

मॅडम घोड्याला टेकून उभ्या राहिल्या. सगळं मुसळ केरात, असा त्यांचा चेहरा. आणि खालून अण्णांचा आवाज आला.

"उलटी म्हंजे? जमीन डाव्या हाताला आली व्हय?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. मॅडम तर बघतच राहिल्या. इतकी वर्षं तारेवरच्या चादरी सारख्या करता करता या माणसानं सगळं ऐकलं होतं.

"हो, अण्णा," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की रसूलभाईंना ऐकू गेला नसावा.

"मग चक्री उलटी फिरव की."

रसूलभाई आडवे आले. "नक्को अण्णा! अब्बा के टैम से सीधी फिरती हमारी चक्री. उल्टी फिराए तो लोगां क्या बोलते?"

"लोकं झोपलेत अजून. रसूल, आपन दोघं जन्मभर सुलटंच फिरलो, काय मोठं झालं? एकदा उलटं फिरून बघू. मोटरच्या दोन वायरी बदल फकस्त." मागाची मोटर उलटी फिरायला लागली की काय करायचं हे पूर्व भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रसूलभाई पुटपुटत गेले आणि वायरी बदलून आले.

आता अण्णा वर चढले. टबाशेजारी निळा हत्ती होता, त्यावर बसले. धोतर सावरलं, हत्तीचा कान धरला. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटून बस, चक्कर येईल." चक्री उलटी फिरायला लागली. भजीवाला झारा हातात घेऊन बघायला आला. पाव तास एक म्हातारा विणकर डोळे मिटून हत्तीवर बसून फिरत होता आणि त्याची बहीण त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी हसू दाबत हातातला रिकामा तांब्या उगाच पुसत राहिलो.

"आता उघड. बघ, इथं... इथं आली... आता इथं..."

"कुटं?"

"ही बघ. गेली."

"मणी, मला सगळं एकदम दिसत न्हाय गं."

मॅडमचं बोट हवेतच राहिलं. नळीतून बघणाऱ्या डोळ्याला पळती लाट सापडणार कशी, हा विचार त्यांच्या मनातच आला नव्हता. चक्री माझ्यासमोरून गेली तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला आणि मान खाली घातली.

मग अण्णा म्हणाले, "तू बोट नको दाखवू. मी एकाच जागी बघत बसतो. यायचं असंल तर हितं येईल की ते." त्यांनी मान वाकवली आणि डब्याच्या काठावरची एक जागा पकडली. मॅडमनी पलीकडच्या अंगाला पंखा धरला. चक्री फिरत होती, ती दोघं समोर येत होती, मागे जात होती.

"वच्चिंदे!" अण्णा तेलुगूत ओरडले. आलं गं, आलं! "लाल चढलं! डब्याला धरून गेलं! वारा तिकडं लावतीस आनि चढतंय हितं!"

"अण्णा, हेच," मॅडम म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज फुटला होता. "मी पण हेच केलं. एका जागी बसून बघत राहिले, येतंय का म्हणून."

अण्णांनी पाण्यावरची नजर काढली नाही. तशातच विचारलं, "एकटीच बसायचीस?"

"एकटीच."

त्यांनी हत्तीचा कान सोडला आणि चाचपडत बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

अण्णांना आता काहीच दिसत नाही. त्या सकाळनंतर मॅडमही फार काळ राहिल्या नाहीत. पण मला त्या आठवतात त्या तिथल्याच. ऊन वर आलं होतं, पोरंबाळं घेऊन लोक यायला लागले होते आणि रसूलभाई "बस करो अण्णा, धंदा है" म्हणून हात जोडत होते. अण्णा हत्तीवरून उतरायला तयार नव्हते. कडेवर पोर घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "आजोबा, काय बघायलाव ओ पाण्यात?"

"समुद्र हाय," अण्णा म्हणाले. "लाट येती ह्यात. बारीक असती, लगेच दिसत न्हाय. माजी बहीण आयुष्यभर बघत बसली ही, एकटी. या, बसा हितं."

ती बाई पोराला घेऊन घोड्यावर बसली. तिच्यामागून भजीवालाही चढला. अण्णा प्रत्येकाला जागा नेमून देत होते, "तू ह्या काठाला बघ, तू त्या. हलायचं न्हाय." आणि मॅडम हातात तो खेळण्यातला पंखा धरून उभ्या होत्या, चष्म्याखालून पाणी गालावर आलेलं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.